विमानांचे भंगार आणि खुर्चीचे मोल

मोडीत निघालेल्या विमानांच्या भागांपासून फर्निचर बनविण्याचा व्यवसाय गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात चांगलाच रुजला आहे. पंखाचा तुकडा आरशासारखा लखलखीत घासून त्यावर जाड काच बसविली की एखाद्या कंपनीच्या संचालकांचे बैठकीचे टेबल तयार होते. इंजिनाभोवतीचे गोल आवरण कापून स्वागतकक्षाचे मेज करतात. प्रवाशांची आसने, खिडक्यांच्या चौकटी, खाद्यपदार्थांच्या ढकलगाड्या यांनाही गिऱ्हाईक आहे. कॅलिफोर्नियातील मोटोआर्ट ही कंपनी २००१ पासून हाच उद्योग करीत आहे. जर्मनीच्या लुफ्तान्सासारख्या विमानकंपन्यांनीही आपल्या निवृत्त विमानांपासून बनविलेल्या वस्तू विक्रीस काढल्या आहेत. पंखापासून बनविलेल्या मोठ्या टेबलाला हजारो डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने लाखो रुपये मोजावे लागतात. ज्यांना एवढे परवडत नाही त्यांच्यासाठी विमानाच्या पत्र्याचे कापलेले, क्रमांक घातलेले छोटे बिल्लेही बाजारात आहेत.

हा धनिकांचा छंद आहे, त्याच्याशी समाजवादी चळवळीला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. कर्तव्य आहे, याचे कारण असे की विमानांच्या भंगारापासून फर्निचर बनविण्याची कल्पना या धनिकांची नव्हेच. ऐंशी वर्षांपूर्वी, दुसरे महायुद्ध संपले तेव्हा, याच भंगारापासून लक्षावधी माणसांच्या उपयोगाच्या वस्तू तयार झाल्या होत्या. धातू तोच, त्याचा उगमही तोच. पण त्या वेळी निघालेली वस्तू आणि आज निघणारी वस्तू यांत महदंतर आहे. हे अंतर कशामुळे पडले याचा विचार केला तर वस्तूचे मोल कोण ठरवतो आणि कोणासाठी ठरवतो, या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नापाशीच आपण येऊन पोहोचतो.

साडेतीन किलोची खुर्ची

युद्ध संपले तेव्हा विजयी राष्ट्रांच्या हाती विमानांचे अक्षरशः डोंगर उरले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किंगमन या गावी सुमारे साडेपाच हजार लढाऊ आणि बाँबफेकी विमाने ओळीने उभी करण्यात आली होती. १९४६ साली ती एका कंत्राटदाराला सुमारे अठ्ठावीस लाख डॉलरना विकण्यात आली. म्हणजे एका विमानाला सरासरी पाचशे डॉलर पडले. बी-१७ या जातीच्या एकाच विमानासाठी अमेरिकन जनतेच्या तिजोरीतून दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट होते. खरेदी सार्वजनिक पैशाने, विल्हेवाट खाजगी नफ्यासाठी! कंत्राटदाराने भट्ट्या पेटविल्या आणि विमाने वितळवून ॲल्युमिनियमच्या लाद्या केल्या.

ब्रिटनमधील परिस्थिती निराळी होती. १९४० च्या उन्हाळ्यात तेथील सरकारने गृहिणींना घरातील ॲल्युमिनियमची पातेली देण्याचे आवाहन केले होते. पातेल्यांची विमाने करू, असे ते आश्वासन होते. पाच वर्षांनी देशाजवळ विमानांचे भंगार मुबलक होते. परंतु लाकूड नव्हते, पोलाद नव्हते, आणि बाँबवर्षावात लक्षावधी घरे पडलेली किंवा मोडकळीस आलेली होती. लाकूडसामानावर १९४२ पासून सरकारी नियंत्रण होते. कोणत्या नमुन्याच्या खुर्च्या व टेबले तयार करावयाची हे सरकार ठरवीत असे, आणि नवविवाहितांना व बाँबवर्षावात घर गमावलेल्यांना ती प्रथम मिळत.

या टंचाईतून अर्नेस्ट रेस या तरुण आरेखकाची खुर्ची जन्माला आली. रेसचे हिंदुस्थानशी नाते होते. त्याची एक मावशी-आत्या मद्रास प्रांतात विणकाम केंद्र चालवीत असे. १९३७ साली तो तेथे आला होता आणि तेथील विणकरांनी त्याच्या नमुन्यांवरून विणलेले कापड त्याने पुढे लंडनच्या दुकानात विकले होते. १९४५ साली त्याने नोएल जॉर्डन या अभियंत्याच्या साह्याने ‘बीए’ नावाची खुर्ची सिद्ध केली. तिचा सांगाडा युद्धातील भंगार ॲल्युमिनियम वितळवून ओतलेला होता. विमानातील निरनिराळे मिश्रधातू एकत्र वितळविले म्हणजे त्यांपासून पुन्हा विमानाचा पत्रा करणे कठीण जाते. ओतकामाला मात्र तसा धातू चालतो. रेसच्या खुर्चीचे पाय निमुळते होते आणि त्यांचा छेद इंग्रजी टी या अक्षरासारखा होता. त्यामुळे थोड्या धातूत पुरेसे बळ साधत असे. प्रथम वाळूच्या साच्यात आणि लौकरच दाबाने भरावयाच्या पोलादी साच्यात हे भाग निघू लागले. १९४६ च्या ‘ब्रिटन कॅन मेक इट’ या प्रदर्शनात ही खुर्ची मांडण्यात आली. त्या प्रदर्शनातील पुष्कळशा वस्तू निर्यातीसाठी राखून ठेवलेल्या असल्याने लोकांनी त्याला ‘ब्रिटनला हे मिळणार नाही’ असे उपरोधिक नावही दिले होते. परंतु ही खुर्ची लोकांपर्यंत पोहोचली. पुढील दोन दशकांत अशा अडीच लाखांहून अधिक खुर्च्या तयार झाल्या आणि त्यांसाठी सुमारे ८५० टन भंगार ॲल्युमिनियम लागले.

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ८५० टनांना अडीच लाखांनी भागले तर एका खुर्चीला साडेतीन किलोहूनही थोडा कमी धातू पडतो. याउलट ज्या टेबलात शंभर किलो पत्रा आहे असे एखादे पंखाचे टेबल घेतले, तर तेवढ्या धातूत तशा तीस खुर्च्या होतात. तीस माणसे बसतील एवढ्या धातूवर आज एका संचालकाचा चहाचा पेला ठेवला जातो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

खुर्चीपाशीच ही गोष्ट थांबली नाही. युद्ध संपताच विमानांच्या कारखान्यांतील यंत्रे आणि कामगार रिकामे होणार होते. त्यांच्या हातून, उरलेल्या आणि भंगारातील ॲल्युमिनियमची घरे बनविण्याची योजना आखली गेली. १९४४ च्या तात्पुरत्या निवासांच्या कायद्याखाली ब्रिटनमध्ये दीड लाखाहून अधिक तयार घरे उभारली गेली. त्यांतील चोपन्न हजारांच्या वर घरे ॲल्युमिनियमची होती. घराचे चार भाग कारखान्यातच नळ आणि विजेच्या तारांसह तयार होत, चार मालमोटारींवरून जागेवर नेले जात आणि तेथे जोडले जात. घरात न्हाणीघर होते, बांधीव ओटा आणि कपाटे होती. अशा सोयी लंडनच्या पूर्वभागातील कामगारवस्तीने त्यापूर्वी पाहिल्याही नव्हत्या. या घरांना अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक खर्च आला, ही टीका त्या काळीही झाली आणि ती खरी होती. कायदा चर्चिलच्या संयुक्त सरकारचा होता आणि अंमलबजावणीचा मोठा भाग ॲटलींच्या मजूर सरकारच्या हातून झाला, हेही नमूद केले पाहिजे. पण दहा वर्षांसाठी बांधलेल्या त्या घरांपैकी अनेक घरांत माणसे कित्येक दशके राहिली.

किंमत नेमकी कशाची?

आता आजच्या पंखाच्या टेबलाकडे वळू. त्यातील धातूला जागतिक बाजारात किलोमागे मोजकेच डॉलर मिळतात. भंगार म्हणून तर त्याहूनही कमी. तेव्हा हजारो डॉलरची किंमत धातूची नव्हे हे उघड आहे. मग ती श्रमाची आहे काय? काही अंशी आहे. जुना रंग खरवडणे, रिव्हेट जागच्या जागी ठेवून पत्रा घासणे, त्याला चकाकी आणणे हे काम कष्टाचे आणि कौशल्याचे असते. ते करणाऱ्या कारागिराला चांगली मजुरी मिळत असेल तर त्याबद्दल कोणत्याही समाजवाद्याला आनंदच वाटेल. परंतु सगळी किंमत श्रमाचीही नसते. याचा पुरावा असा की आज बाजारात ‘वैमानिकी’ थाटाच्या अशा असंख्य खुर्च्या आहेत ज्यांनी विमान कधी पाहिलेलेच नाही. नव्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रिव्हेटसारखे दिसणारे खिळे ठोकून त्या तयार होतात. श्रम जवळजवळ तेवढेच, धातू अधिक चांगला. तरीही अस्सल पंखाची किंमत त्या खुर्चीला येत नाही. तेव्हा गिऱ्हाईक पैसे मोजते ते विमानाच्या क्रमांकासाठी, त्याच्या इतिहासासाठी आणि शेजाऱ्याकडे तसली वस्तू नाही यासाठी.

रिकार्डोने १८१७ सालीच दोन प्रकारच्या वस्तूंत भेद केला होता. दुर्मिळ चित्रे, मूर्ती, जुनी नाणी यांची किंमत केवळ दुर्मिळतेवर आणि त्यांचा हव्यास धरणाऱ्यांच्या संपत्तीवर अवलंबून असते. श्रमाने हव्या तितक्या वाढविता येणाऱ्या वस्तूंची किंमत मुख्यतः त्यांना लागणाऱ्या श्रमावर. रेसची खुर्ची या दुसऱ्या वर्गातील होती. आजचा व्यवसाय भंगाराला पहिल्या वर्गात नेऊन बसवतो. ज्या धातूचे सामर्थ्यच विपुलतेत आहे त्याला कृत्रिमपणे दुर्मिळ करणे हा या व्यवसायाचा गाभा आहे.

१८८६ साली विजेच्या साह्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची पद्धत सापडली आणि पूर्वी अत्यंत महाग असलेला हा धातू झपाट्याने स्वस्त झाला. व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, प्रतिष्ठेसाठी केलेल्या खर्चाचे उदाहरण देताना, हाताने घडविलेला चांदीचा चमचा आणि यंत्रातून निघालेला ॲल्युमिनियमचा चमचा यांची तुलना केली आहे. जेवण दोन्हींनी सारखेच होते. किंमत मात्र शंभरपट वेगळी. त्या काळी ॲल्युमिनियम ही गरिबाची वस्तू होती. आज त्याच धातूचा तुकडा, त्यावर एका विमानाचे नाव कोरले की, चांदीच्या चमच्याच्या जागी जाऊन बसतो. व्हेब्लेनला याचे मुळीच आश्चर्य वाटले नसते.

लाओसमधील चमचा

चमच्याचा विषय निघालाच आहे तर लाओसमधील एका खेड्याचे उदाहरण दिले पाहिजे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. सिएंग खुआंग प्रांतातील नापिया या खेड्यातील शेतकरी युद्धानंतर बाँबचे व विमानांचे ॲल्युमिनियमचे अवशेष गोळा करून, मातीच्या भट्टीत वितळवून, लाकूड आणि राखेच्या साच्यांत त्यांचे चमचे ओतू लागले. त्या भागातील खाणावळींत लोक या चमच्यांनी जेवतात. विमानांनी टाकून दिलेल्या इंधनाच्या टाक्या कापून लाओसमध्ये होड्या केल्या गेल्या, बाँबच्या कवचांचे घरांना खांब झाले. हेही विमानांच्या भंगारापासून बनलेले गृहोपयोगी सामानच आहे. त्याची किंमत अत्यल्प; परंतु ते गोळा करताना न फुटलेल्या बाँबमुळे माणसे मेली आहेत आणि मुलांचे हातपाय तुटले आहेत. त्याच खेड्यातील त्याच धातूच्या बांगड्या पुढे न्यूयॉर्कमध्ये अलंकार म्हणून विकल्या जाऊ लागल्या. त्यातील काही भाग कारागिरांना आणि बाँब निकामी करण्याच्या कामाला मिळतो, ही चांगलीच गोष्ट. परंतु चमच्याचे मोल नापियाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या गरजेतून ठरविले होते. बांगडीचे मोल दूरच्या शहरातील गिऱ्हाइकाची आवड ठरविते. आवड बदलली की ते मोलही नाहीसे होते.

दहा वर्षांत मोडीत

या व्यवसायाच्या बाजूने सांगितले जाणारे प्रमुख समर्थन पर्यावरणाचे आहे. टाकाऊ वस्तू पुन्हा वापरात येते, मग आक्षेप कशाला, असे विचारले जाते. या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी विमान टाकाऊ कसे होते हे पाहिले पाहिजे.

ए-३८० हे जगातील सर्वांत मोठे प्रवासी विमान ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या सेवेत आले. त्या पहिल्या विमानांची मालकी एका जर्मन गुंतवणूक संस्थेकडे होती आणि ती कंपनीला भाड्याने दिलेली होती. दहा वर्षांची मुदत संपल्यावर कंपनीने ती परत केली. नवा भाडेकरू मिळेना. तेव्हा २०१८ मध्ये गुंतवणूकदारांनी दोन विमाने सुटी करून विकण्याचा निर्णय घेतला आणि दक्षिण फ्रान्समधील तार्ब येथे ती मोडण्यात आली. विमाने जुनी झाली नव्हती, निकामी झाली नव्हती. भाडे मिळत नव्हते एवढाच त्यांचा दोष. त्यानंतर २०२२ साली तुलूझ येथे आणखी एका ए-३८० मधील जिना, बार, दिवे अशा शेकडो वस्तूंचा जाहीर लिलाव झाला. हजारो कामगारांच्या कौशल्यातून सिद्ध झालेले यंत्र दहा वर्षांत मोडीत काढावयाचे आणि त्यातील जिन्याचा लिलाव हा पर्यावरणाचा विजय म्हणून मिरवावयाचा, ही या व्यवस्थेची संगती आहे.

प्रमाणाच्या दृष्टीनेही हे समर्थन टिकत नाही. मोडलेल्या विमानात सर्वांत मोलाची असतात ती इंजिने, चाकांची यंत्रणा आणि उपकरणे. ती तपासून दुसऱ्या विमानांत बसविली जातात. उरलेला सांगाडा वितळविला जातो. भंगारापासून ॲल्युमिनियम करण्यास नव्या धातूच्या मानाने सुमारे वीसांश ऊर्जा लागते, म्हणजे पर्यावरणाचे खरे काम ही भट्टी करते. फर्निचर होते ते या सगळ्यातील नाममात्र भागाचे. जाहिरात मात्र त्याचीच होते. सांगाडा कापणाऱ्याचे आणि भट्टीवर उभ्या राहणाऱ्याचे नाव त्या टेबलावर कोठेच नसते.

आणि हा भट्टीचा मार्गही पुढे अरुंद होणार आहे. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांचे जवळजवळ निम्मे वजन कार्बनतंतूंच्या संयुक्त पदार्थाचे आहे. तो वितळवून पुन्हा ओतता येत नाही. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. त्यांतील बहुसंख्य विमाने लहान आणि धातूच्या सांगाड्याची आहेत, काही मोठी या नव्या पदार्थाची. ही सर्व विमाने एक दिवस मोडीत निघणार. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा विमाने कशी बेवारशासारखी उभी राहतात आणि कामगारांचे थकलेले पगार कसे मागे पडतात, हे देशाने पाहिले आहे.

आठवणीची मालकी

दुसरे समर्थन भावनेचे आहे. जुन्या विमानाची आठवण या वस्तूंतून जिवंत राहते, असे म्हणतात. आठवणीचे मोल मोठे आहे हे मान्य. पण ती आठवण कोणाची? १९६१ साली नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात लढलेली विक्रांत ही विमानवाहू नौका निवृत्तीनंतर मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे उभी होती. ती सांभाळणे परवडत नाही असे ठरले. २०१४ साली सुमारे साठ कोटी रुपयांना ती भंगारात गेली आणि दारूखान्यात तिच्यावर गॅसच्या ज्योती चालल्या. दोन वर्षांनी बजाज कंपनीने त्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल बाजारात आणली आणि देशभक्तीच्या नावाने तिची जाहिरात केली. जे स्मारक सार्वजनिक पैशातून राखणे परवडले नाही, त्याच्या पुण्याईवर खाजगी विक्री मात्र परवडली.

याच देशात याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर बी-२४ लिबरेटर जातीची विमाने, पुन्हा उडू नयेत म्हणून मोडतोड करून, टाकून दिलेली होती. १९४८ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या आणि पुढे सरकारी झालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या कामगारांनी त्या ढिगातून एकेक विमान उभे केले. जेमतेम डागडुजी करून ती बंगलोरला उडवत नेली आणि तेथे पूर्ण दुरुस्त केली. अशी चाळीसच्या आसपास विमाने वायुदलात आली आणि १९६८ पर्यंत चालली. त्यांतील काही आज ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा येथील संग्रहालयांत मानाने उभी आहेत. ज्यांनी ती भंगार ठरविली त्यांनाच पुढे ती मागून घ्यावी लागली! भारतीय कामगाराच्या हातांनी त्या भंगाराचे मोल ठरविले, आणि ते कोणत्याही लिलावापेक्षा अचूक ठरले.

कार्यकर्त्यांसाठी

या सर्व विवेचनाचा अर्थ पंखाचे टेबल विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवावे असा नाही. आणि कारागिराचा रोजगार हिरावून घ्यावा असा तर मुळीच नाही. मागणी एवढीच आहे की भंगाराचा विचार धनिकांच्या दिवाणखान्यापासून सुरू न होता लोकांच्या गरजेपासून सुरू झाला पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी आग्रहाने मांडल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, विमाने, जहाजे आणि वाहने मोडणाऱ्या कामगारांना कायद्याचे संरक्षण. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून विखुरलेल्या हमालांना मंडळे, नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. भंगार फोडणाऱ्या आणि वेगळे करणाऱ्या प्रत्येक हाताला तशीच व्यवस्था हवी. दुसरी गोष्ट, सरकारी व निमसरकारी मालमत्तेतून निघणारा धातू लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याच्या पदरात टाकण्यापूर्वी, त्यातील काही वाटा शाळांचे बाक, दवाखान्यांच्या खाटा आणि वाचनालयांच्या खुर्च्या बनविणाऱ्या कामगार सहकारी संस्थांना राखीव असावा. हे अशक्य नाही. ब्रिटनने दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे असताना याहून कठीण काम केले. तिसरी गोष्ट, ज्या यंत्रांशी राष्ट्राच्या आणि कामगारांच्या स्मृती जोडलेल्या आहेत त्यांतील निवडक नमुने सार्वजनिक मालकीत राहावेत. मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये वायुदलातून निवृत्त झाली. ती ज्यांनी बांधली त्यांत नाशिकजवळच्या ओझर कारखान्यातील कामगारांचा वाटा मोठा होता. त्यांच्या घामाची आठवण कोणाच्या हॉटेलात टांगली जाण्याऐवजी ओझरच्या मुलांना फुकट पाहता आली पाहिजे.

साडेतीन किलो धातूची एक खुर्ची आजही तितक्याच धातूत होते. तंत्र तेव्हापेक्षा सुधारले आहे, भंगार तेव्हापेक्षा कमी नाही आणि जमिनीवर बसून शिकणारी मुले अजून या राज्यात आहेत. अभाव आहे तो या तीन गोष्टी एकत्र आणणाऱ्या नियोजनाचा, आणि ते नियोजन सरकारला करावयास लावील अशा लोकमताचा. ते लोकमत उभे करणे हे पक्षाच्या कार्यकर्त्यांचे काम आहे.